समोर दिसणारी गाडी: डोंगरातल्या तळ्याभोवती कुत्र्यासोबतच्या एका चालीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही हकिगत माझ्या घरातली आहे. चालणारे तिघे होतो: ताई, मी आणि ताईचा कुत्रा. कुत्र्याचं नाव बदलून इथे शेरू ठेवलंय आणि तळ्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असं तळं कुठल्याही डोंगरात असू शकतं. लांबोळकं, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेलं, आणि काठाकाठाने पूर्ण फेरी मारणारी १३ किलोमीटरची पायवाट.

शेरू सात वर्षांचा, २९ किलोचा, काळ्याभोर अंगाचा लॅब्राडोर मिश्र. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच किलोमीटर चालायचा, तेही बहुतेक मातीवर आणि गवतावर. अंगाने जरा भरलेला होता, पण तब्येतीची कसलीही तक्रार नव्हती. आम्ही दोघं बरीच वर्षं डोंगरात फिरतोय, शेरूला मात्र इतक्या लांबच्या वाटेवर पहिल्यांदाच नेत होतो.

ऋतू उन्हाळ्याच्या शेवटाचा. सकाळी गाडीतला काटा १६ अंश दाखवत होता. आठला निघायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात साडेनऊ झाले. पाणी तिघांत मिळून तीन लिटर घेतलं. जास्त का घेतलं नाही, याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं: वाटभर तळं सोबत आहे, शेरू हवं तेव्हा पिईल. या एका वाक्यावर पुढची अख्खी दुपार उभी राहिली, म्हणून ते इथे आधीच सांगून ठेवतो.

पहिले सहा किलोमीटर

दक्षिणेच्या काठाने वाट दाट झाडीतून जाते. डोंगराची सावली, पायाखाली ओलसर माती. शेरू पट्टा ताणत पुढे, वासावर वास घेत. जिथे मोकळं सोडलं तिथे तो पुढे पळायचा, परत यायचा, पुन्हा पुढे. आम्ही सहा किलोमीटर चाललो तेव्हा तो किमान आठ-नऊ तरी चालला असणार. कुत्र्यासोबतच्या चालीचा हिशोब करताना हे अंतर कुणी धरत नाही. आम्हीही धरलं नव्हतं.

बाराच्या सुमाराला तळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलो. तिथे एक छोटीशी खाडीसारखी जागा आहे, काठ उतरता. शेरूने पाणी पाहिलं आणि उडी घेण्यासाठी अंग आखडलं. ताईने पट्टा गच्च ओढला.

पाण्यावर साय धरली होती. दुधावरची साय बोटाने सारली की सुरकुतते ना, तशी, पण रंग पोपटी, कडेला निळसर झाक. वारा त्या टोकाकडे वाहत होता आणि तळ्यावरचा सगळा थर लोटत आणून त्याने या कोपऱ्यात जमा केला होता. काठावरच्या दगडांवर तोच थर वाळून हिरव्या पापुद्र्यासारखा चिकटला होता, आणि शेरूचं नाक नेमकं त्या पापुद्र्याकडे वळत होतं.

याला लोक नील-हरित शेवाळ म्हणतात. खरं तर ते जिवाणू असतात, सायनोबॅक्टेरिया. त्यांचे काही प्रकार यकृतावर हल्ला करणारं विष तयार करतात, काही थेट मज्जासंस्थेवर. मज्जासंस्थेवरचं विष काही मिनिटांत ते काही तासांत कुत्र्याचा जीव घेऊ शकतं आणि त्यावर उतारा नाही. प्रत्येक थर विषारी असतोच असं नाही, पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. कुत्रा पोहताना पाणी गिळतो, बाहेर आल्यावर अंग चाटतो, म्हणजे विष दोनदा पोटात जातं. पाणी नितळ दिसलं तरी निर्धास्त राहता येत नाही. २०१७ मध्ये बर्लिनच्या टेगेल तळ्यावर कुत्री दगावली तेव्हा विष काठाला लागलेल्या पाणवनस्पतींच्या गोळ्यांमध्ये सापडलं होतं. २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल सरोवराकाठीही याच जिवाणूंमुळे कुत्री मेली.

ताईला हे माहीत होतं. त्या क्षणी तिने पट्टा ओढला नसता तर हा लेख फार वेगळा झाला असता.

अडचण

शेरू वाचला, पण त्याचं पाणी गेलं. आम्ही जवळपास दोन लिटर पिऊन संपवलं होतं आणि उरलेल्या एका लिटरात तिघांना भागवायचं होतं. कुत्र्याला नुसतं बसून राहिला तरी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. २९ किलोला ते साधारण दीड ते पावणेदोन लिटर होतं, आणि शेरू तर सकाळपासून पळत होता.

दुसरी अडचण आम्हाला तिथे बसून दिसली नाही. पुढची वाट उत्तरेच्या काठाने जाते, म्हणजे थेट दक्षिणेकडे तोंड केलेल्या उताराने. झाडं नाहीत. घसारा आणि मोठे दगड, दिवसभर उन्हात भाजलेले.

समोरचे पर्याय

मी म्हटलं, "ताई, मागे फिरूया. सावली आहे, वाट माहितीची आहे."

तिने तळ्यापलीकडे हात केला. दूरच्या टोकाला आमच्या गाडीची काच उन्हात चमकत होती. "अरे, ती बघ गाडी. मागे सहा, पुढे सात. एवढ्यासाठी त्याच वाटेने परत कशाला?"

तिसरा पर्यायही होता. तिथेच सावलीत थांबायचं आणि ऊन उतरल्यावर निघायचं. त्यावर आम्ही बोललोच नाही, कारण बारा वाजता दुपार हातात आहे असं वाटत असतं.

या ठिकाणी मला थांबावंसं वाटतं. शिखरावर जाताना परतायचं कधी हे सगळे ठरवतात. तळ्याच्या फेरीत असं टोक नसतं. अर्ध्यावर आलं की पुढचं अंतर आणि मागचं अंतर जवळजवळ सारखं होतं, मग माणूस किलोमीटर मोजतो आणि बरोबरी झाली म्हणून पुढे जातो. पण आमच्या बाबतीत मागचे सहा किलोमीटर मातीचे, सावलीचे आणि पाहिलेले होते. पुढचे सात उन्हाचे, दगडांचे आणि न पाहिलेले. आणि ती चमकणारी काच सरळ रेषेत चार किलोमीटरवर असेल, पण सरळ रेषेत पाणी होतं. तळं सतत डोळ्यांपुढे असल्याने गाडी जवळ वाटते, पाणी हाताशी वाटतं, आणि दोन्ही खरं नसतं.

मी फार ताणून धरलं नाही. आम्ही पुढे निघालो. हा निर्णय दोघांचा होता.

शेरू बसला

हवा गारच होती, २४ अंशांच्या आसपास. म्हणून उन्हाची झळ आम्हाला जाणवली नाही. घाम येत होता, वारा लागत होता, बरं वाटत होतं. कुत्र्याला ही सोय नाही. त्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो जवळजवळ सगळी धापा टाकून बाहेर काढतो, आणि त्यासाठी पाणी लागतं. उंचावर हवा गार असली तरी ऊन कडक असतं, आणि काळं अंग ते सगळं शोषून घेतं. उष्माघात म्हटलं की बंद गाडीत ठेवलेला कुत्रा आठवतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र उष्णतेच्या त्रासाच्या चारपैकी जवळजवळ तीन प्रकरणांचं कारण श्रम होतं, चालणं-पळणं. गाडीत अडकल्याची प्रकरणं पाच टक्क्यांच्या आसपास होती.

साधारण आठव्या किलोमीटरला शेरू पुढे जायचा थांबला आणि आमच्या मागे चालू लागला. मला वाटलं शहाणा झाला. पुढे तो प्रत्येक मोठ्या दगडाच्या सावलीत दोन-दोन क्षण थांबू लागला. जीभ इतकी बाहेर आली होती की टोकाशी पळीसारखी रुंद झाली होती. मध्येच खाली बसून उजवा पुढचा पंजा चाटायचा. ही सगळी लक्षणं आम्ही पाहिली आणि प्रत्येकीला वेगळं, सोपं कारण दिलं.

नवव्या किलोमीटरला तो आडवा झाला. हाक मारली तर शेपटी हलली, पण उठला नाही. ताईने हार्नेसला धरून उठवलं तेव्हा मागचे पाय लटपटले. मी ओठ वर करून हिरडी पाहिली. एरवी गुलाबी असते, आता लालबुंद होती. तोंडातून येणारी हवा तळहाताला गरम लागत होती. पंजा उलटा केला तर गादीचा एक पापुद्रा निघून लोंबत होता, खाली ओलं लाल मांस.

पर्याय, दुसऱ्यांदा

या वेळी आम्ही सगळे पर्याय मोठ्याने बोललो.

उचलून पुढे न्यायचं: चार किलोमीटर, सगळं ऊन, २९ किलो. नेतानेताच तो आणखी तापला असता. तळ्यात उतरवायचं: पाणी दीडशे पावलांवर होतं, पण थराचे तुकडे या काठालाही लागलेले दिसत होते. एकाने मदतीसाठी धावायचं: मग दुसऱ्याला त्याला एकट्याने सांभाळावं लागलं असतं. फोनला रेंज नव्हती.

तेव्हा ताईला आठवलं की तीनेकशे मीटर मागे एक ओढा ओलांडला होता. कड्यावरून उतरणारा, जोरात वाहणारा. मागे जायचं म्हणजे गाडीपासून लांब जायचं, आणि मनाला ते जड जात होतं. पण आता ताईनेच म्हटलं, "गाडी राहू दे. आधी हा गार झाला पाहिजे."

काय केलं

मी रेनकोट पसरला, शेरूला त्यावर घेतलं आणि दोघांनी दोन टोकं धरून त्याला ओढ्यापर्यंत नेलं. तीनशे मीटरला तीनदा टेकलो. ओढ्यातले दगड नीट पाहिले. त्यांवर काळपट-हिरवे बुळबुळीत थर नव्हते, पाणी खळाळत होतं. वाहत्या पाण्यातही तळाच्या दगडांवर हे जिवाणू वाढतात, म्हणून एवढं पाहणं गरजेचं होतं.

त्याला पोटापर्यंत पाण्यात बसवलं. ताईने हनुवटी धरून डोकं वर ठेवलं, मी ओंजळीने मानेवर, काखेत, जांघेत पाणी ओतत राहिलो. थंडगार पाणी वापरू नये असं पूर्वी सांगितलं जायचं. आताचा सल्ला वेगळा आहे: आधी गार करा, मग हलवा. तरुण, धडधाकट कुत्रा असेल तर पाण्यात बसवा. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर पाणी ओता आणि वारा लागू द्या.

मध्ये मी एक चूक केली. ओला टॉवेल त्याच्या पाठीवर पसरून ठेवला. चार-पाच मिनिटांनी ताईने हात घातला तर टॉवेलखाली अंग कोमट होतं. तसा टॉवेल उष्णता कोंडून ठेवतो. तो काढला आणि पुन्हा पाणी ओतायला लागलो.

तोंडात पाणी ओतलं नाही. शुद्ध नीट नसेल तर ते श्वासात जाऊ शकतं. बाटलीतलं पाणी तळहातात घेऊन पुढे धरलं. सुरुवातीला त्याने पाहिलंही नाही. दहाएक मिनिटांनी चाटलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा, आधी नाही.

धाप हळूहळू उतरली. कधी थांबायचं हा खरा प्रश्न होता. कुत्र्याचं तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असतं, आणि ते ३९.५ च्या आसपास उतरलं की गार करणं थांबवायचं असतं, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त थंड होतं. आमच्याकडे थर्मामीटर नव्हता. धाप शांत झाली, डोळे स्थिर झाले, हिरडी दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत रंग परत येऊ लागला, तेव्हा आम्ही त्याला बाहेर काढून खडकाच्या सावलीत घेतलं.

मग पंजा. ओढ्याच्या पाण्याने धुतला, बोटांच्या फटींत कापूस, वर गॉज, मग माझा जाड मोजा आणि चिकटपट्टी, सूज येईल म्हणून सैलसर.

तेवढ्यात समोरून एक वयस्क जोडपं आलं. "काका, पुढे सावली आहे का हो?" मी विचारलं. सावली नव्हती. पण दीड-दोन किलोमीटरवर कच्चा रस्ता वाटेला मिळतो आणि तिथवर गाडी येते, हे त्यांच्याकडून कळलं. ते त्याच गाडीरस्त्याने आले होते. काकूंनी आपली अर्धी भरलेली बाटली शेरूपुढे ठेवली. काकांनी स्वतःहून विचारलं, "मी मागे जाऊन फोन करू का? तिथे रेंज आहे." ताईने त्यांना डॉक्टरांचा नंबर आणि तीन वाक्यांचा निरोप कागदावर लिहून दिला: काय झालं, काय केलं, आता कसा आहे.

निघायची घाई मात्र आम्ही केली नाही. पश्चिमेचा कडा उंच होता. साडेचारच्या सुमाराला सूर्य त्याच्या मागे गेला आणि सगळा उतार एकदम सावलीत आला. तोवर थांबलो. मग रेनकोटच्या झोळीत पन्नास-पन्नास पावलं, मध्ये मऊ जमीन आली की दहा-वीस पावलं त्याची स्वतःची, असं करत कच्च्या रस्त्यापर्यंत पोचायला दीड तास लागला. ताई पुढे जाऊन गाडी घेऊन आली.

परिणाम

रेंज येताच ताईने डॉक्टरांना फोन लावला. निरोप पोचला होता. "चालतोय म्हणून घरी नेऊ नका. आधी इकडे आणा," एवढंच त्या म्हणाल्या. कारण नंतर समजावलं: उष्माघातातलं नुकसान लगेच दिसत नाही. मूत्रपिंड बिघडणं, रक्त गोठण्याची क्रिया विस्कटणं, हे एक-दोन दिवसांनीही उघडं पडतं. वरून बरा दिसणारा कुत्रा तिसऱ्या दिवशी हातचा जाऊ शकतो.

शेरूला रात्रभर सलाइन लावलं. रक्तात स्नायूंना ताण पडल्याच्या खुणा होत्या, मूत्रपिंडाचे आकडे काठावर. दोन दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा सगळं ताळ्यावर आलं होतं. पंजा भरायला मात्र जवळजवळ तीन आठवडे लागले. रोज पट्टी बदलताना तो पाय मागे घ्यायचा आणि ताईकडे बघत राहायचा.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी गोष्ट खाडीपाशीच होती, आणि तिच्याबद्दल आम्हा दोघांचं अजून एकमत नाही. ताईचं म्हणणं, पाणी पुरेसं असतं तर पुढे जाणं चुकलं नसतं. माझं म्हणणं, खाडीपाशी सावलीत बसून त्याने बाटलीतलं मनसोक्त पाणी प्यायलं असतं तरी पुढे गेल्यावर तापलेल्या दगडांनी पंजा सोलवटलाच असता, आणि लंगडणारा कुत्रा उन्हात सापडलाच असता. दगडाला हाताची मागची बाजू टेकवून सात सेकंद ठेवता येत नसेल तर तिथे कुत्र्याचे पाय टेकवू नयेत, हा साधा पडताळा आहे. तो पहिल्या दगडावर करायला हवा होता. पंधरा सेकंद लागले असते.

पाण्याबाबत वाद नाही. तळ्याचं पाणी हिशोबात धरायचंच नाही. शेरूचं पाणी वेगळ्या बाटलीत, त्याच्या नावाने, किमान दोन लिटर. ते जड होतं, म्हणून फेरी छोटी निवडायची.

शेरूचे बूट घरी होते. दोनदा घालून पाहिले, त्याने पाय झटकले, आम्ही कपाटात ठेवून दिले. आता ताई रोज जेवणाआधी दहा मिनिटं घालते आणि लगेच वाटी पुढे ठेवते. तिसऱ्या आठवड्यात त्याने झटकणं बंद केलं. थर्मामीटर आणि मोठ्या कुत्र्याला उचलायची घडीची झोळी आता पाठपिशवीत कायमची आहे. झोळी फार वजनाची नसते, आणि रेनकोटच्या काठांनी माझ्या बोटांवर पडलेले वळ मला चार दिवस दिसत होते.

उशिरा निघणं आम्ही तेव्हा क्षुल्लक मानलं. आठला निघालो असतो तर उत्तरेच्या काठावर साडेदहाला पोचलो असतो, आणि दगड तितके तापलेले नसते.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याही यादीत बसत नाही. शेरू आमच्या मागे चालू लागला तोच त्याचा शब्द होता. कुत्रा आपण चालतोय तोवर चालतो. तो थांबायला सांगत नाही, फक्त आपली जागा बदलतो. पुढचा कुत्रा मागे आला की मी आता घड्याळ बघतो आणि बसतो.

थंडीच्या सुरुवातीला आम्ही तिघं पुन्हा त्या तळ्यावर गेलो. सातला निघालो, झाडीतून. खाडीपाशी साडेनऊला पोचलो. पाण्यावर थर नव्हता, तरी ताईने पट्टा आखूड धरला आणि बाटली उघडली. शेरू वाटीतलं सगळं पाणी प्यायला, बुटांचे चारही पाय पसरून सावलीत लोळला. पलीकडे गाडीची काच चमकत होती. ताईने एकदा तिकडे पाहिलं, पाठपिशवी उचलली आणि आलो त्या वाटेला लागली.